चिकमगळूरची तीन पोती

बेळगावात आमचं कॉफी भाजून विकायचं लहानसं दुकान आहे. वर्षातून एकदा मी आणि मेहुणा चिकमगळूरच्या डोंगरात जातो, छोट्या बागायतदारांना भेटतो आणि त्यांची कॉफी चाखतो. चाखायच्या दिवशी तोंडात तंबाखू नको, हा नियम मेहुण्याला मीच घालून दिलेला. मी मात्र निपाणीचा. आई-वडील तंबाखूच्या वखारीत राबले. जेवण झालं की माझा हात आपोआप चंचीकडं जातो.

दोन वर्षांपूर्वी एका आक्काच्या अंगणात बसलो होतो. तिचे आई-बाप दुसऱ्याच्या मळ्यात मजूर होते, आता तिची स्वतःची दोन एकर बाग आहे. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच कॉफीची पिकलेली फळं न सोलता जाळीवर वाळवली होती. महिनाभर ती तासातासाला हातानं हलवली होती. तीन पोती झाली. आम्ही घेतली तर ती तिची म्हणून वेगळी विकली जाणार होती. नाहीतर थोड्या वेळात येणारा व्यापारी ती साऱ्या गावाच्या ढिगात ओतणार होता.

तिनं वाटीतल्या भरड पुडीवर गरम पाणी ओतलं. वर पुडीची साय धरली. चमच्यानं ती मोडून मी घोट ओढला आणि चाखायच्या रीतीप्रमाणं थुंकला.

"जळकी लागते," मी म्हणालो.

"बरं," एवढंच म्हणून ती व्यापाऱ्यासाठी पोती काढायला फाटकाकडं गेली.

मेहुण्यानं घोट घेतला आणि माझ्याकडं बघत राहिला. "दाजी, तोंडात बार हाय न्हवं?"

"न्हाय रं."

"मला तर जांभळागत लागली. पण तुमी मोठं जाणकार, आमी कोण!"

तंबाखूचा बार होता. नाश्त्यानंतर सवयीनं भरलेला, ओठाखाली, चाखायला बसलो तेव्हा मला ठाऊक असलेला. कबूल करायला मला व्यापाऱ्याच्या गाडीत पोती ओतल्याचा आवाज येईपर्यंत वेळ लागला. भिंतीआड थुंकून मी फाटकाकडं धावलो.

"आक्का, चूक माझी आहे. माझ्या तोंडात तंबाखू होती."

तिनं आधी हात वर करून गाडीवरच्या माणसाला थांबवलं. दोन पोती ढिगात ओतून झाली होती.

"वास मला मगाशीच आला होता, अण्णा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "पण तुम्ही शिकलेले. म्हटलं, तुमच्यात चालत असेल."

तिनं मला चूळ भरायला लावली, ताकभात वाढला आणि तासभर बसवून ठेवलं. मग नवी वाटी आणली.

तो घोट मला नीट सांगता येत नाही. आधी जांभूळ, मग वाटी निवत गेली तशी संत्र्याची साल, शेवटी गुळाचा नुसता मागमूस. इतकी वर्षं कॉफी भाजतोय, पण हे त्या बीमध्ये असतं हे मला माहीत नव्हतं. पुढचा घोट मी थुंकला नाही, गिळला. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मग ती वाकली, तिसरं पोतं तिनं स्वतः शिवलं आणि म्हणाली, "हे न्या. पण विकताना सांगा, अशी आणखी दोन होती."

ते पोतं तीन आठवड्यांत संपलं. प्रत्येक गिऱ्हाईकाला मी ते सांगितलं, आणि ती दोन कशी गेली तेही. काहीजण हसले, एका बाईंनी कप खाली ठेवला. आक्काकडं आता दरवर्षी जातो. चाखायचा चमचा ती आधी मेहुण्याच्या हातात देते.