चार फीडर, एक ट्रान्सफॉर्मर

“मॅडम, काटा चढूनच राहिला,” ऑपरेटर वानखेडे म्हणाले.

ते हे शांतपणे म्हणाले, म्हणून मला भीती वाटली. वानखेडे शांत माणूस नाहीत. चहात साखर कमी पडली तरी ते सबस्टेशन डोक्यावर घेतात.

नवतप्यातली दुपार होती. मे संपता संपता येणाऱ्या या नऊ दिवसांत नागपूरकर कूलरपुढून उठत नाही आणि शहरातला एकही एसी बंद नसतो. मी वीज कंपनीत उपकार्यकारी अभियंता आहे. माझ्या सबस्टेशनमध्ये मोठ्या दाबाची वीज येते, तिचा दाब उतरवून आम्ही ती आसपासच्या भागांना वाटतो. हे काम करणारे दोन ट्रान्सफॉर्मर होते. त्यातला एक जळाला होता. नवा येणार होता. कधी, हे विचारलं की प्रत्येक वेळी “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर मिळायचं. तोपर्यंत दोघांचं ओझं एकावर.

त्याच्यातून चार फीडर निघतात. फीडर म्हणजे एका भागाकडे जाणारी मुख्य लाइन. एक कॉलनीकडे, एक बाजाराकडे, एक महालामागच्या विणकरांच्या वस्तीकडे. चौथी मोठ्या रस्त्याकडे. तिच्यावर एक भव्य सभागृह, दोन हॉटेलं आणि काचेच्या शोरूम आहेत, म्हणून आम्ही तिला हॉल फीडर म्हणतो. एकटा ट्रान्सफॉर्मर या उन्हात तीन फीडर ओढतो. चौथा लावला की तापतो. तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला की ट्रान्सफॉर्मर स्वतःच बंद पडतो आणि चारही भाग जातात. तेही नशीब चांगलं असलं तर. नसलं तर तो आधीच्यासारखा जळतो, आणि मग नवतपा संपेपर्यंत कुणालाच वीज नाही.

म्हणून मी नंबर लावून दिले होते. प्रत्येक फीडर आळीपाळीने अर्धा तास बंद. लोक चिडले, पण सगळे सारखे चिडले. आमच्या खात्यात याहून मोठा न्याय क्वचित होतो.

वस्तीच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही जास्तीची करत होतो. तिथे नथ्थूजी नावाचे गृहस्थ राहतात. आयुष्यभर मागावर बसले, आता छातीने साथ सोडली आहे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. हे मशीन हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देतं, पण त्याला सतत वीज लागते. वीज गेली की त्यांची मुलगी सुनंदा छोटं सिलिंडर लावायची. ते सिलिंडर दिवसभराच्या अर्ध्या-अर्ध्या तासांना जेमतेम पुरायचं आणि संध्याकाळी भरून यायचं. वस्ती फीडर बंद करण्याआधी वानखेडे तिला फोन करायचे. “सुनंदाताई, जाऊन राहिली. लावा.” कुठल्याही नियमात हे नव्हतं.

त्या दुपारी वस्तीचा अर्धा तास संपला. वानखेडेंनी तिची वीज परत दिली. पुढचा नंबर हॉलचा. तो बंद करायला मी पॅनलपाशी गेले आणि फोन वाजला. आमचे अधीक्षक अभियंता.

“मॅडम, हॉल फीडरला आज हात लावायचा नाही.”

“सर, आत्ता त्याचाच नंबर आहे. मी चारही चालू ठेवून उभी आहे.”

“हॉलमध्ये राष्ट्रीय परिषद आहे. दिल्लीहून पाहुणे आलेत. वरून फोन होता.”

“वरून म्हणजे?”

“वरून म्हणजे वरून.”

परिषदेचं मला माहीत होतं. चौकाचौकांत फलक होते: ‘संपत्तीचे न्याय्य वाटप – एक राष्ट्रीय चिंतन’. फलकावर चिंतन करणाऱ्यांचे फोटो पासपोर्टच्या आकाराचे आणि उद्घाटन करणाऱ्याचा दरवाज्याएवढा. तेवढ्यावरून वाटपाचा अंदाज येत होता.

“मग कुठला बंद करू?” मी विचारलं.

“वस्ती करा ना. तिथे लॉस जास्त आहे. सर्क्युलरच आहे आपलं.”

लॉस म्हणजे पाठवलेली वीज आणि वसूल झालेली वीज यांतला फरक. पुस्तकांत वाटपाची तत्त्वं बरीच असतात. गरजेनुसार द्यावं, श्रमानुसार द्यावं, सगळ्यांना सारखं द्यावं. आमच्याकडे एकच: जिथून वसुली कमी, तिथे आधी बंद. ऐकायला ते वाजवीही वाटतं. नथ्थूजींचं बिल एकदाही थकलेलं नव्हतं. पण लॉस माणसाचा मोजत नाहीत, फीडरचा मोजतात. शेजाऱ्याने चोरून तारेवर टाकलेल्या आकड्याचं माप नथ्थूजींच्या छातीवर.

“सर, त्यांचा अर्धा तास आत्ताच संपलाय. आणि तिथे ऑक्सिजनवरचा पेशंट आहे.”

“असे किती पेशंट असतात, मॅडम! परिषद संध्याकाळपर्यंत आहे. तोपर्यंत हॉल सोडून काय ते मॅनेज करा.”

“लेखी द्याल?”

“तुम्ही मला ओळखत नाही का?” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. ओळखत होते म्हणूनच विचारलं होतं.

मी त्यांना मेसेज टाकला: हॉलच्या जागी वस्ती लगेच दुसऱ्यांदा बंद करू का? सिलिंडर पुरणार नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

यार्डातून ट्रान्सफॉर्मरचा आवाज येत होता. एरवी तो गुणगुणतो. आता दात आवळून बोलणाऱ्या माणसासारखा येत होता. खिडकीतून तापलेल्या तेलाचा वास आत शिरला होता. जळाला त्या दिवशी असाच वास आधी आला होता.

“मॅडम, कोणता पाडू? सांगा लवकर,” वानखेडे म्हणाले. “लाल खूण दिसून राहिली मले.”

“बाजार? नाहीतर कॉलनी?”

“बाजार गेला तर आत्ताच गेटवर येतील ते. त्याहीचाही अर्धा तास झालाच ना घंट्याभरापूर्वी. अन् कॉलनी पाडली तरी मंग संध्याकाळपर्यंत तिघंच फिरवायचे काय? वस्तीचे अर्धे तास वाढतेच ना तिकडून.”

हिशेब बरोबर होता. चारातला एक वगळला की उरलेल्या तिघांचे नंबर लवकर येतात. कसंही फिरवलं तरी सिलिंडर संध्याकाळच्या आधी संपत होतं.

मी सुनंदाला फोन लावला.

“बाई, सिलिंडरमध्ये किती आहे?”

“काटा खाली आला, मॅडम. आत्ता तं मशीनवर घेतलं त्याहिले.” मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. “काहून? पुन्हा चालली का?”

“बघते मी.”

“बघते म्हणजे काय जी? चालली का नाही ते सांगा. सिलिंडरवाला सहाच्या आत येत नाही. मी त्याले शिव्या देऊन पाहिल्या, पाया पडून पाहिलं.” मग आवाज एकदम खाली आला. “बाबा आयकून राहिले. जोरात बोलू नका.”

मी जोरात बोलत नव्हते. मी फोन ठेवला.

“वानखेडे, हॉलला जनरेटर आहे ना?”

“आहे तं. पण मागच्या लग्नात चालू झाला नव्हता, मॅडम. नवरदेव अंधारात उतरला घोड्यावरून. पोरीच्या मामानं त्याच्या भावालेच हार घातला.”

दुसरा कुठला दिवस असता तर हसले असते. मला लिफ्ट दिसत होती. तिच्यात अडकलेले दिल्लीचे पाहुणे दिसत होते. बंद काचांचा हॉल, आत म्हातारी विद्वान माणसं, एसी बंद, बाहेर नवतपा. तिथे कुणी कोसळलं तर? आदेश मोडून मी एकाचा जीव वाचवायला जाणार आणि दुसऱ्याचा घेणार. आणि चौकशीत साहेब म्हणणार, मी तर फोनच केला नव्हता. माझी निवृत्ती अजून लांब आहे, मुलीचं इंजिनीअरिंग चालू आहे, फ्लॅटचा हप्ता आहे. भित्र्या माणसाला जे जे आठवतं ते सगळं मला ओळीने आठवलं.

“मॅडम!” वानखेडे आता नेहमीच्या आवाजात ओरडले.

मी हॉल फीडरचा हँडल फिरवला. खटका पडला, लाल दिवा गेला, हिरवा लागला. आमच्याकडे हिरवा म्हणजे बंद. बाहेरचा आवाज अर्ध्या सुराने खाली आला.

लॉगबुकात मी लिहिलं: हॉल फीडर बंद, नंबरप्रमाणे. सही केली.

“मीच पाडला असं सांगा पाहिजे तर,” वानखेडे म्हणाले. मग थोडा विचार करून, “नाही, नका सांगू. माह्या पेन्शनचे कागद चालू हायेत.”

नंतरचा अर्धा तास मी खुर्चीवर बसले नाही. फोन टेबलावर उताणा ठेवला होता. तो वाजेल म्हणून भीती वाटत होती आणि वाजत नव्हता म्हणून जास्त वाटत होती. इतका वेळ कुणीच तक्रार करत नाही याचा अर्थ सगळे लिफ्टमध्येच अडकलेत, असंही एकदा वाटून गेलं. वेळ झाली तशी आम्ही कॉलनी बंद केली आणि हॉलला वीज दिली. काटा खाली सरकू लागला होता. वानखेडेंनी चहा मागवला.

संध्याकाळ होत आली तेव्हा साहेबांचा फोन आला.

“मॅडम, अभिनंदन! कार्यक्रम एकदम छान झाला. दिवसभर लाइट एकदाही गेली नाही. वरून कौतुक आलंय. मी म्हटलं नव्हतं का, मॅनेज होतं म्हणून?”

फोन ठेवून देता आला असता. पण रात्रभर जागायची माझी तयारी नव्हती.

“सर, हॉल फीडर बंद होता. दुपारी अर्धा तास, मग संध्याकाळी पुन्हा एकदा.”

“मग लाइट?”

“जनरेटर चालू झाला असेल.”

“कुणाला कळलं?”

“कुणालाच नाही, सर. म्हणून तर कौतुक आलं.”

“बरं,” साहेब म्हणाले. “आता हे वाढवू नका.”

सुनंदाचा सिलिंडरवाला त्या दिवशी साताला आला. तोपर्यंत सिलिंडर पुरलं, अगदी थोडक्यात. मी नथ्थूजींना वाचवलं असं मी म्हणणार नाही. मी फक्त त्यांचा अर्धा तास दुसऱ्या कुणाला दिला नाही. नथ्थूजी आजही मशीनवर आहेत, आणि दुपारी आभाळाकडे न बघता विजेच्या दिव्याकडे बघत बसतात, असं सुनंदा सांगते.

पुढच्या आठवड्यात मला ‘अखंडित वीजपुरवठ्याबद्दल’ प्रशस्तिपत्र आलं. मी उत्तरात दोन ओळी लिहिल्या, की आळीपाळीची पद्धत आणि रुग्णाला आधी फोन करण्याची पद्धत लेखी मंजूर करावी. त्याला अजून उत्तर नाही. चौकशी केली तर प्रोसेसमध्ये आहे.

परिषदेत शेवटी काय ठरलं ते मी पेपरात शोधलं. सत्काराचाच फोटो होता. मला मात्र एक गोष्ट कायमची कळली. ज्याच्याकडे जनरेटर असतो, त्याच्याकडेच वरचा फोनही असतो. नंबर लावायचा असतो तो ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी. त्या नंबराशिवाय दुसरी कुठलीच मालमत्ता त्यांच्या नावावर नसते. म्हणून काहीतरी मॅनेज करायचं झालं की सगळ्यात आधी हात तिथेच जातो.