कावळ्याचा भात

थोरल्या जावेचा भात बंद झाला हे ऐकलं तेव्हा मी फोन कानाला लावूनच हसले. पलीकडून पुतण्या रडवेल्या आवाजात सांगत होता: आईच्या पायाच्या अंगठ्याला जखम झालीय, महिना झाला भरत नाही, साखर खाली येत नाही, डॉक्टर म्हणतात दोन-अडीच महिने बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. मी तोंडाने "अरे देवा, अरे देवा" करत होते आणि हसत होते. खोटं कशाला बोलू?

"काकी, तू ये ना. तुझं ती ऐकेल," तो म्हणाला.

माझं ती ऐकेल! लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून तिने माझं 'चहा झालाय' एवढंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. पण त्याच्या बोलण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझीच साखर वाढली होती. मी कांदिवलीच्या एका शाळेत क्लार्क आहे, सकाळची पाळी. तिथल्या आणखी दोघीजणी माझ्यासारख्याच. आम्ही तिघींनी एकदम भात, चपाती, बटाटा, साखर सगळं बंद केलं. रोज जेवायला बसलो की ताटाचा फोटो काढून एकमेकींना पाठवायचा, हा आमचा नियम. फोटोत पाव दिसला की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सालटी निघायची. त्या धाकाने माझ्या गोळ्या निम्म्यावर आल्या. घरात माझं नाव झालं.

आता जावेबद्दल सांगते, म्हणजे मी का हसले ते कळेल.

लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे गोरेगावच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. सासूबाई गावी, मालवणकडे. त्यामुळे वाढायचा डाव थोरलीच्या हातात. ती वाढेल तेवढं आपण खायचं, आणि बायकांनी शेवटी खायचं. मला सातवा महिना होता तेव्हा एकदा दुपारी अचानक गावचे चार पाहुणे आले. माझ्या वाटचा भात त्यांना गेला. "तू मागाहून खा," ती म्हणाली. मागाहून म्हणजे कधी, ते काही सांगितलं नाही. चार वाजता पाहुणे गेले, ती त्यांना सोडायला खाली उतरली, आणि मी टोपाला लागलेला भात खरवडून उभ्या उभ्या हाताने खाल्ला. ती वर आली तेव्हा माझ्या तोंडात घास होता.

तेव्हा ती काही बोलली नाही. बोलली गणपतीत. आरती झाली, पानं मांडली, पंचवीस-तीस नातेवाईक बसले, आणि हिने वाढता वाढता सुरू केलं, "आमची धाकटी टोपात तोंड घालून भात खाता हां! कोणी बघत नसलं की!" नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. टोप हातात धरून, गाल फुगवून. लोक हसून हसून लोळले. सातवा महिना होता हे तिने सांगितलं नाही. दुपारभर उपाशी ठेवलं हेही सांगितलं नाही. त्यानंतर दर गणपतीत ती गोष्ट ठरलेली. आरतीनंतर मोदक आणि मोदकानंतर धाकटीचा टोप. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिने मला विचारलं, "आई, तू खरंच टोपात तोंड घातलेलंस?" त्या दिवशी मी ठरवलं की हिला सोडायची नाही.

पण सूड घ्यायचा तर माणूस धडधाकट पाहिजे. पाय कापलेल्या बाईला कोण काय बोलणार? सगळे तिचीच बाजू घेतील, मलाच तोंड लपवावं लागेल. मला ती गणपतीत दोन्ही पायांवर उभी हवी होती. म्हणून मी पुतण्याला म्हटलं, "येते रे बाळा. रोज येते."

शाळा साडेबाराला सुटायची. दोन स्टेशनं ओलांडून मी एक-सव्वाच्या सुमारास तिच्या घरी हजर. चाळीच्या जागी आता बिल्डिंग झालीय, तिचं घर चौथ्या मजल्यावर. पुतण्या आणि त्याची बायको कामाला गेलेली. म्हणजे आम्ही दोघीच. पहिल्याच दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा उचलून शेजारणीकडे ठेवला. तिने दारात उभं राहून बघितलं.

"माका माझ्याच घरात शिकवतंस?"

"शिकवत नाही, वहिनी. डॉक्टरांनी सांगितलंय ते करते."

डॉक्टरांचं नाव घेतलं की तिचं तोंड बंद व्हायचं. काय सांगू, त्यात केवढी मजा होती! मी कोबी परतायचे, अंडी उकडायचे, पडवळाची भाजी, अळूचं फतफतं बिनगुळाचं. मासेमारी बंद होती, बाजारात बर्फातला माल, तरी मिळेल तो बांगडा आणून तिरफळं घालून आमटी करायचे. बांगड्याची आमटी आणि सोबत भात नाही! मालवणी बाईला ह्याहून मोठी शिक्षा नाही. एकदा मी फ्लॉवर किसून, वाफवून भातासारखा पानात वाढला. तिने बोटाने ढोसून बघितला. "ह्येका भात म्हणतंस? भातान तुझा काय घोडा मारल्यान गो?" मी म्हटलं, वाढलंय तेवढं खा. आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले, कारण तो हुबेहूब तिचा आवाज होता.

मीही तिच्यासमोर बसून तेच खायचे, हे मात्र खरं. आमच्या तिघींचा तसा नियमच आहे, दुसरीला जे देशील ते तू आधी खा. मग तिच्या ताटाचा फोटो काढायचा आणि पुतण्याला पाठवायचा. मी आले नाही त्या दिवशी तिने स्वतः काढून मला पाठवायचा. फोटो अगदी स्वच्छ. अंडं, भाजी, मासा. झकास.

आणि साखर? सकाळची बरी यायची, पण संध्याकाळी पुतण्या यंत्रावर बघायचा तेव्हा पुन्हा वर. तीन आठवडे झाले, जखम होती तशीच. डॉक्टर तिच्यावर चिडले, पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. माझी पण वाट लागली होती, कारण गणपतीला दोनच महिने उरलेले. मी कपाटं उघडली, गादीखाली बघितलं, पुतण्याच्या बायकोलाही विचारलं. कुठे काही नाही.

घरात भात शिजायचा तो फक्त कावळ्यासाठी. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, गेले, तेव्हापासून ती रोज दुपारी एका पानावर भाताचा घास स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवते. त्याला मी कशी नाही म्हणणार? मूठभर तांदूळ शेजारणीकडून आणून पुतण्याची बायको सकाळी छोट्या पातेल्यात शिजवून जायची. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मेलेल्या माणसाच्या घासाचा हिशेब कोण ठेवतं?

एके दिवशी मी निघाले आणि खाली फाटकापाशी लक्षात आलं, चष्मा वरच राहिला. परत गेले. दार नुसतं ओढलेलं होतं. आत थोरली खिडकीशी उभी. एका हाताने ती "हाड, हाड" करून कावळ्याला हाकलत होती आणि दुसऱ्या हाताने ग्रिलमधल्या पानावरचा भात उचलून खात होती. मघाची उरलेली आमटी तिने त्यावर ओतून घेतली होती. बाहेर कावळा ओरडत होता. बिचारा किती दिवस उपाशी होता कोण जाणे.

माझा हात आपोआप फोनवर गेला. दोन वर्षांची सवय, ताट दिसलं की फोटो. क्लिक झालं तशी ती वळली. ओठाला भाताची शितं.

तिने मनगटाने ओठ पुसले. मग ती म्हणाली, "टाक. टाक सगळ्यांका. ग्रुपवर टाक."

"आत्ता नाही," मी म्हटलं. "गणपतीत दाखवीन. सगळे बसलेले असतील तेव्हा."

तिला कळलं. लगेच कळलं, तोंड असं उतरलं की मला आनंदाने भूक लागली.

त्या दिवसापासून तिची साखर उतरायला लागली. तिने डोळे वटारले की मी फोन हातात घ्यायचे, बस. पातेलं बंद केलं. कावळ्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायला लागले. पहिल्या दिवशी त्याने मान तिरकी करून बघितलं, दुसऱ्या दिवसापासून वेळेआधी येऊन बसायला लागला. पुढे श्रावण आला. थोरली श्रावण कडक पाळते, म्हणजे मासे गेले, अंडी गेली, आणि उपासाला साबुदाण्याचा हट्ट. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी पनीर, शेंगदाणे, दही, नारळ, पालेभाज्या ह्यावर महिना काढला, तिनेही आणि मीही. कावळ्यालासुद्धा पनीर. माझ्या शाळेतल्या दोघींनी रोज नवी भाजी सुचवायची, मी करून न्यायची. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. जखमेची कड गुलाबी झाली, मग आत ओढली गेली, मग खपली धरली.

गणपतीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, अंगठा वाचला. पुतण्या माझ्या पाया पडला. थोरलीने चप्पल घालताना माझ्या खांद्याचा आधार तेवढा घेतला. मी मनात म्हटलं, घे, अजून आठच दिवस आहेत.

गणपतीत मी फोन पूर्ण चार्ज करून गेले. फोटो वेगळा काढून ठेवला होता, शोधायला वेळ जाऊ नये म्हणून. आरती झाली, पानं मांडली. नणंदा, चुलत दीर, जावई, पोरंबाळं, सगळं घर भरलेलं. माझी मुलगी आणि तिचा नवरा समोरच बसलेले. थोरली डाव घेऊन उभी. मी फोन काढला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात तीच बोलली.

"ह्या वर्षी एक नवी गजाल सांगतंय हां!"

आणि तिने सांगितली. सगळी! कावळ्याला कसं हाकललं, आमटी कशी ओतली, मी कशी आले, तोंडात घास कसा अडकला. करून दाखवलं. हाड हाड केलं. लोक पोटं धरून हसले. "भावोजी वरून म्हणत असतील, माझा घास कुठाय!" कोणीतरी ओरडलं, तशी ती स्वतःच डोळे पुसायला लागली हसून. "हिच्याकडे फोटो आसा, बघा!" माझा फोन माझ्या हातातून गेला, या पानावरून त्या पानावर फिरला. जावई म्हणाला, "मोठ्या आई, कसल्या भारी दिसताय!" पुतण्याने तो तिथेच ग्रुपवर टाकला. जवळजवळ दोन महिने मी जपून ठेवलेला फोटो! माझं अंग नुसतं जळत होतं. हिने माझा सूडसुद्धा माझ्या हातातून काढून घेऊन पाहुण्यांना वाढला.

मग मोठी नणंद म्हणाली, "आणि धाकटीच्या टोपाची? ती राहिली की! ती सांग ना."

थोरलीने सवयीने डाव टोपासारखा धरला, गाल फुगवले.

"थांबा," मी म्हटलं. "ती मी सांगते."

लोक हसायच्या तयारीनेच माझ्याकडे वळले. मी काही करून दाखवलं नाही. म्हटलं, "मला सातवा महिना होता. पोटात ही होती." मुलीकडे बोट केलं. "सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. माझा भात पाहुण्यांना वाढला आणि मला सांगितलं, मागाहून खा. चार वाजले तरी मला कोणी जेवायला बोलावलं नाही. पाय थरथरत होते, म्हणून टोपाला लागलेला भात खरवडून खाल्ला. भूक लागली होती हो. एवढीच गोष्ट आहे."

कोणी हसलं नाही. मुलीने हातातला घास पानात ठेवला आणि थोरलीकडे बघितलं. मग एकेक जण थोरलीकडे बघायला लागला. नणंद पुटपुटली, "आमका ह्या कोणी सांगूक नाय." थोरलीचे गाल अजून अर्धे फुगलेलेच होते. तिने डाव हळूच खाली घेतला. जन्मात पहिल्यांदा. सगळ्या भावकीसमोर, भरल्या पंगतीत, ती दोन्ही पायांवर नीट उभी होती आणि मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती.

मी तिला बसायला सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं.