संतुलित मत

“तिले इंग्रजी येते, पन मत नाई येत.”

सर हे क्लासमधल्या मॅडमना सांगत होते. मी कूलरच्या मागे ठेवलेल्या कॅनमधून बाटली भरत होते. कूलर चालू असला की आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, अशी त्या दोघांची समजूत होती. कूलरच्या पुढे बसणाऱ्याला खरंच काही ऐकू यायचं नाही, मागे उभं राहणाऱ्याला सगळं यायचं. मॅडम म्हणाल्या, अकोल्याच्या कॉन्व्हेंटची ना ती, अशा पोरी फक्त पाहत बसतात. बाटली भरून पाणी चपलेवर आलं तेव्हा मी तोटी बंद केली.

गोष्ट माझ्याबद्दलची होती आणि अर्धी खरी होती. मी पाहत बसायचे. मत मात्र मला होतं, जरा जास्तच होतं.

अमरावतीच्या गाडगेनगरात सरांचा क्लास होता. खाली वर्ग आणि वर अभ्यासिका, म्हणजे प्लायवूडचे कप्पे पाडलेली खोली, त्यात प्रत्येकाची खुर्ची आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चिकटवलेला एकेक सुविचार. स्पर्धा परीक्षेची लेखी मी पास झाले होते, मुलाखत उरली होती. मुलाखतीची तयारी म्हणून मी सरांकडे आले आणि तिथे मला कळलं की मत ही तयार मिळणारी वस्तू आहे.

सरांचा खास विषय विज्ञान, तंत्रज्ञान आणि चालू घडामोडी. रोज सकाळी ते फोनवरच्या बातम्या वाचून दाखवायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. मी इंग्रजी माध्यमात शिकले म्हणून तंत्रज्ञान माझ्या घरचंच आहे असं तिथे धरून चालत. एखादा अवघड शब्द आला की सगळा वर्ग माझ्याकडे वळायचा. मी अर्थ सांगायचे आणि पुन्हा खाली पाहायचे. शब्दाचा अर्थ मला माहीत असायचा. बातमीत अर्थ नाही हेही माहीत असायचं, पण ते कुणी विचारत नव्हतं.

बॅटरीचंच घ्या. मी शाळेत होते तेव्हापासून दर वर्षी एक बॅटरी निघते. ती चहा उकळेपर्यंत भरते आणि आठवडाभर चालते. माझा फोन अजून दुपारच्या जेवणाआधी मरतो. कुठल्या ना कुठल्या दुर्धर आजारावर उंदरांमध्ये यश मिळतं, तेही दर महिन्याला. जगभरच्या उंदरांची तब्येत एव्हाना ठणठणीत असली पाहिजे. शास्त्रज्ञ कायम ‘चक्रावलेले’ असतात. इतके चक्रावणारे लोक प्रयोगशाळेत ठेवतात कसे, हा प्रश्न कुणाला पडत नाही. आणि प्रत्येक गोष्ट ‘येत्या काही वर्षांत’ होणार असते. जे झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, ते आम्ही ‘अत्यंत महत्त्वाचे’ असा शिक्का मारून पाठ करायचो.

करमणुकीच्या बातम्यांचीही तीच गत. मुलाखतीत तरुणांच्या आवडीबद्दल विचारतात, म्हणून सरांनी ‘डिजिटल मनोरंजन’ असा वेगळा तास ठेवला होता. पोस्टर कधी येणार याची बातमी, मग पोस्टर आल्याची बातमी, मग ते लोकांना आवडलं नाही याची. एखाद्या वेबमालिकेच्या पुढच्या भागाबद्दल ‘सर्वात मोठी अपडेट’ असं लिहिलेलं असतं. आत शिरावं, चार जाहिराती खाली ढकलाव्यात, तर शेवटच्या ओळीत कळतं की अजून काही ठरलेलं नाही. पेपरच्या कागदात निदान भेळ तरी बांधता येते.

या सगळ्यावर मत कसं द्यायचं याची सरांची रीत ठरलेली होती. सुरुवातीला फायदे. नंतर ‘मात्र’ म्हणून धोके. शेवटी ‘त्यामुळे विवेकी वापर करणे ही काळाची गरज आहे.’ यालाच संतुलित मत म्हणायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता असो, लहान मुलांच्या हातातले फोन असोत, ड्रोनने फवारणी असो, ‘मात्र’ कुठे टाकायचं तेवढं कळलं की झालं. शाळेत ‘विज्ञान शाप की वरदान’ हा निबंध लिहिणारी पोरं मोठी होऊन तोच निबंध तोंडी म्हणत होती आणि त्याला विचार म्हणत होती.

माझ्या शेजारच्या कप्प्यात भातकुलीची एक मुलगी बसायची. तिला ही रीत पहिल्याच दिवशी जमली आणि दुसऱ्या दिवशी तिने त्या रीतीची टिंगल सुरू केली. दुपारी आम्ही गिलावडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खायला जायचो तेव्हा ती प्लेट हातात धरून सरांच्या आवाजात सुरू व्हायची. गिलावड्यामुळे प्रथिने मिळतात, मात्र दही आंबट निघण्याचा धोका असतो, त्यामुळे गिलावड्याचा विवेकी वापर करणे ही काळाची गरज आहे. गाडीवाला तिला म्हणायचा, बाई, विवेक राहू दे, चटनी पाहिजे का ते सांग. ती हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची. वर्गात मात्र तीच मुलगी ताठ बसून तेच वाक्य गंभीरपणे म्हणायची आणि सर तिला ‘छान’ म्हणायचे. तिच्या त्या सहज बदलण्याचा मला राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

सरांची आणखी एक अट होती. मुलाखतीत वऱ्हाडी नको. ‘मले’, ‘तुले’ ऐकू आलं की ते टेबलावर पेन आपटायचे. स्वतः वर्गाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा वऱ्हाडीत यायचे. माझ्यासाठी ही अट बिनकामाची होती. मी वऱ्हाडी फक्त बाबांशी बोलायचे, आणि वर्गात तर काहीच बोलायचे नाही.

मग सराव मुलाखती सुरू झाल्या. टेबलापलीकडे सर आणि मॅडम, शेजारी स्टँडवर सरांचा फोन. रेकॉर्डिंग तुमच्याच सुधारणेसाठी आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. माझी पाळी आली तेव्हा नाव-गाव झाल्यावर सरांनी विचारलं की एका परदेशी कंपनीने माणसाच्या मनातले विचार वाचणारं यंत्र बनवलं आहे, यावर आपलं मत काय?

मला खूप काही विचारायचं होतं. बनवलं आहे, की बनवणार आहोत असं म्हटलं आहे? कुणी पाहिलं? बातमी कुणी दिली, त्या कंपनीनेच ना? पण उमेदवाराने प्रश्न विचारायचे नसतात. मी फायदे शोधू लागले आणि मला एकही फायदा सापडेना. टेबलावरच्या काचेखाली एक जुनं रेल्वेचं वेळापत्रक होतं, ते मी पाहत राहिले. सर वाट पाहत होते. मॅडमनी घसा खाकरला. तसलं यंत्र खरंच असतं तर त्या दिवशी माझी मोठी सोय झाली असती. शेवटी सर ‘बरं’ म्हणाले आणि मी उठून वर अभ्यासिकेत गेले.

आठवड्याच्या आतच भातकुलीच्या मैत्रिणीने तिचा फोन माझ्यासमोर धरला. क्लासच्या यूट्यूब चॅनलवर माझा चेहरा होता. सरांचा प्रश्न, आणि मग माझं गप्प बसणं. त्या गप्प बसण्यावर घड्याळाची टिकटिक टाकली होती, मग कावळ्याचा आवाज, मग रडका चेहरा उड्या मारताना. वर मोठ्या अक्षरांत, ‘इंग्लिश मीडियमची बोलती बंद!’ खाली लोक हसून लोळत होते. एकाने लिहिलं होतं, ‘मॅडम बफरिंग होऊन राहिल्या.’ दुसऱ्याने, ‘कोणी सिम टाका रे यायले.’

पहिली प्रतिक्रिया बरी होती, हे मी आजही मान्य करीन. ज्या करमणुकीला मी मनातल्या मनात नाकं मुरडत होते तिचा माल आता मीच होते, आणि फार हलका माल होते. त्यात काही घडतसुद्धा नव्हतं. एक मुलगी काचेखालचं वेळापत्रक पाहते, आणि हजारो माणसं ते पुन्हा पुन्हा लावून पाहतात.

मला भीती एकाच गोष्टीची होती. अकोल्याला बाबा एकटे राहतात. जेवताना ते फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतात आणि जे समोर येईल ते पाहतात. मंगळावर दरवाजा दिसला, लसूण आणि हृदय, अमुक नटाचा अमुक नटीशी अबोला, सगळं सारख्याच भक्तीने. मी मुलाखतीला पोचले हे आमच्या जठारपेठेत त्यांनी कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. ते रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, बोलून राहिली ना तू तेथी? मी हो म्हणायचे. त्यांच्या बरणीसमोर तो व्हिडिओ कधीही येऊ शकत होता. तसल्या व्हिडिओंना तसलीच माणसं शोधून देणं, एवढं एक काम हे तंत्रज्ञान खरोखर चोख करतं.

मी सरांना मेसेज केला. चार ओळी, शुद्ध मराठीत, ‘कृपया’ दोनदा. त्यांनी एक अंगठा पाठवला. व्हिडिओ तसाच राहिला. मग मी सगळं धैर्य गोळा करून त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. ते प्रेमाने बोलले, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, हे पाहा, नकारात्मक घेऊ नका, तुमच्यामुळे चॅनल वर आलं आहे. रविवारी आपण थेट प्रक्षेपण करू, तुम्ही पुन्हा बसा, खणखणीत उत्तर द्या, लोकांना असं पुनरागमन फार आवडतं. आणि जुना व्हिडिओ? तो ते नंतर ‘पाहू’ म्हणाले. लोक आधीचा आणि नंतरचा ताडून पाहतील, असंही म्हणाले. म्हणजे काढायचा विचार नव्हताच. मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज होते.

मॅडमनी रविवारचा नवा प्रश्न आणि त्याचं उत्तर मला लिहून दिलं. डिजिटल मनोरंजनामुळे ज्ञानाची कवाडे खुली झाली आहेत, मात्र, वगैरे. मैत्रिणीने ते माझ्याकडून घोकून घेतलं. गिलावड्याच्या गाडीपाशी उभं राहून मी ते म्हणत होते आणि ती चमच्याने ताल देत होती. एवढं का घाबरतेस असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला बाबांबद्दल सांगितलं. तिने ताल देणं थांबवलं. मग म्हणाली, “तू एकडाव तोंड उघड वं. काय निघन ते निघन.”

रविवारी वर्ग भरलेला होता. माइकमध्ये घरघर येते म्हणून कूलर बंद केला होता, आणि मे महिना होता. सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. सर पावडर लावून आले होते. फोनच्या पडद्यावर मी मला दिसत होते, माझ्या हनुवटीवरून लाल बदाम वर तरंगत जात होते आणि कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा वाढत होता. थेट म्हणजे थेट, सरांनी आधीच बजावलं होतं, चुकलं तर कापता येत नाही.

सरांनी प्रेक्षकांना नमस्कार केला. ज्यांची बोलती बंद झाली होती त्या ताई आज पुन्हा आल्या आहेत, म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी कावळ्याचा आवाज काढला. लोक हसले, सरही थोडे हसले, आणि मग चेहरा गंभीर करून त्यांनी विचारलं, “डिजिटल मनोरंजन आणि आजचा समाज, यावर आपलं मत काय?”

पहिल्या रांगेतून मैत्रीण ओठ हलवून मला सुरुवात करून देत होती. ज्ञानाची कवाडे. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी काचेखालचं वेळापत्रक पाहिलं. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता त्या वेळेला सुटत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुन्हा मॅडमनी घसा खाकरला. अकोल्याला जेवायची वेळ झाली होती. बरणीला टेकवलेला फोन मला दिसला, आणि त्याच्यासमोर बसलेले बाबा. मग मी वर पाहिलं आणि त्यांच्याशी बोलते तशी बोलले.

“सर, माहं मत असं हाय का तुमी मले न इचारता माहा व्हिडिओ टाकला. तो आत्ता काढा, इथंच, या सगळ्यायसमोर. तुमचं काढनं होयेपर्यंत मी चूप बसतो. ते मले चांगलं येते.”