आमच्या सोनोग्राफीवाल्या मॅडम

आज सकाळी माझ्या गुडघ्यांची सोनोग्राफी होती. ती करणाऱ्या मॅडमच राहिल्या नाहीत.

काल संध्याकाळी त्यांचा मेसेज आलाय हो मला!
"उद्या ये. आणि येताना बांगड्याचो वास घेऊन येव नको."

पहाटे हार्ट अटॅक. संपलं. पन्नाशीसुद्धा नाही.

सेंटरवर पोचलो तर शटर अर्धं खाली. रिसेप्शनवरची सुजाता पायरीवर बसून रडत होती. तिने सांगितलं, तर मी तिच्यावरच ओरडलो.
"कायतरी काय बोलतंस गो!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर गोठत नाही. बाहेर ओरखडा नसला तरी सांध्यात आतल्या आत रक्त उतरतं आणि गुडघा नारळाएवढा होतो.

लहानपणी आई बिचारी तेल चोळायची, शेक द्यायची. तिला कोण सांगणार? उजवा गुडघा कायमचा आखडला.

पहिल्याच भेटीत मॅडम तिला म्हणाल्या, "गो बाय, शेक नको. बर्फ लाव."

आई मासे विकते. आमच्याकडे बर्फाला काय तोटा! मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून गुडघ्यावर, आणि मी तसाच सोनोग्राफीच्या टेबलावर.

मॅडमनी नाक धरलं.
"मेल्या, सोनोग्राफी करू काय तळू तुका?"

मूळच्या बांद्याच्या. फोनवर एकदम शुद्ध मराठी, पेशंट समोर आला की मालवणी.

एक हट्ट मात्र जबरदस्त. दुखरा गुडघा टम्म फुगलेला, मी कळवळतोय, आणि या म्हणणार, "आधी बरो दाखव."
"मॅडम, दुखता हो हय!"
"बरो कसो दिसता ता बघल्याशिवाय दुसरो किती बिघडलो ता माका खंयसून कळतला?"

गेल्या वर्षी असाच त्या बऱ्या, डाव्या गुडघ्यावर मशीनचा प्रोब ठेवला आणि परत परत एकाच जागी फिरवायला लागल्या.


स्क्रीन माझ्याकडे वळवली. सांध्याचं आतलं अस्तर जाड झालेलं, शेजारी काळसर पट्टी. रक्त.
ना दुखणं, ना सूज. मला पत्ताच नाही.

"ह्यो पण गेलो तर उभो कसो रवतलंस रे?" त्या म्हणाल्या.

तिथूनच सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन मी सूज आल्यावरच घ्यायचो. तेव्हापासून ते ठरलेल्या दिवशी, दुखो न दुखो.
त्यानंतर तो गुडघा स्क्रीनवर हळूहळू निवळत गेला. आज मी आईच्या बाजूला उभा राहून मासे तोलतो ते त्याच पायावर.

तो निवळलेला दिसला त्या दिवशी पाया पडायला वाकलो, तर केवढ्याने खेकसल्या!
"पाया पडूचा नाय! गुडघो वाकवूचो नाय! नमस्कार करूचोच तर उभ्यान कर."
मग दर वेळी जाताना तेच. मी मुद्दाम वाकल्यासारखं करायचो, त्या शिव्या घालायच्या.

आम्हा सगळ्यांच्या आत बघणारी बाई. तिच्या आत काय चाललंय ते कोणीच कसं बघितलं नाही? डोकंच चालत नाही माझं.

आत्ता त्यांच्या घरून आलो. अंगणात ठेवलं होतं. माणसं एकेक करून पायांवर डोकं टेकत होती.
माझी पाळी आली. मागून कोणीतरी म्हणालं, "वाक रे, पाया पड."

मी ताठ उभा राहिलो. हात जोडले. रडू आवरलं नाही, पण वाकलो नाही.
बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय माजोरी पोरगा आहे.

मॅडम, वाकलंय नाय हां. दोनय पायांवर उभो आसंय.

तुमका ह्यो उभ्यानच नमस्कार.