दुसरं मडकं

अंबाबाईपुढे कितीदा हात जोडले, पण हे तिथंही तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

माझा धाकटा भाऊ संदीप साप पाळायचा. गारुड्याचा नव्हे हो — परदेशी, रीतसर कागद केलेला बॉल पायथन, म्हणजे छोटा बिनविषारी अजगर, दोन हात लांब. लाजाळू इतका की माणूस दिसलं की वेटोळं करून डोकं आत. त्याची काचेची पेटी हॉलमध्ये, आणि त्याच हॉलमध्ये माझी गादी. नवऱ्याचं घर सोडून आलेली बहीण — मला कुठली खोली?

पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी चटई, दुसरं टोक थंड. दोन्हीकडे कुंभारगल्लीतून आणलेलं एकेक पालथं मडकं, भोक पाडलेलं, लपायला. दोन कशाला रे, मी एकदा विचारलं. तर साहेब समजवायला लागले — एकच असलं की बिचारा अडकतो. अंग पोळलं तरी उघड्यावर येत नाही. बघा, हे मला त्यानंच शिकवलं.

सापाला दोन-दोन घरं! आणि ताई, तुला एखादा कोपरा हवा का — हे कधी विचारलं त्यानं? अंगाची नुसती आग व्हायची माझ्या.

त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी तो बायकोला माहेरी, वारणानगरला घेऊन गेला. घरात आई आणि मी. माझा भावाचा उपवास — म्हणजे त्याच्याचसाठी. जाताना बजावून गेला, पाणी तेवढं बदल, बाकी कशाला हात लावू नको. मोलकरणीला सांगावं तसं.

दुपारी मी हात लावला. थंड बाजूचं मडकं काढून घेतलं. चटई जास्त तापली की बंद करणारी एक वायर तळाला चिकटवलेली होती, ती उपटली. म्हटलं, बघू आता कुठं जातोस.

कुठं जाणार? थोड्या वेळानं बाहेर आला, काचेला नाक घासत फिरला. मी गादीवर बसून बघत होते. मग परत गेला — त्या तापलेल्या मडक्यातच. रात्र गेली तरी मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमच्यात त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, गॅसवर तवा चढवायचा नाही — नागाला चटका बसतो म्हणतात. आईनं पाटावर गंधाचा नाग काढला, लाह्या वाहिल्या. मी दिंडं उकडली. तवा फळीवर पालथा. आणि चार पावलांवर ती पेटी... तळाशी हात लावला तर माझंच बोट पोळलं. म्हणजे मला ठाऊक होतं. कळतंय ना? ठाऊक होतं, आणि मी दिंडं तूप घालून खाल्ली. पोटभर.

संध्याकाळी सगळं होतं तसं ठेवलं. संदीप आला तर सापाच्या पोटाची कातडी सोललेली. पाचव्या दिवशी साप गेला. मी म्हटलं, आईनं पुसताना वायर उपटली असणार, मडकंही हलवलेलं दिसलं, मीच मग परत लावलं. पेटी ती रोज पुसायचीच, आणि तेव्हा थोडं विसरायलाही लागली होती. आई कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, आसंल बाबा, चुकलं माझं.

भावावरचा राग त्या मुक्या जिवावर का? तो हाताशी होता म्हणून. आणि आईवर का? तीही हाताशी होती.

आता संदीपला मुलगी आहे, दोन वर्षांची. तिला माझ्या आईजवळ क्षणभरही एकटं ठेवत नाहीत. आईला ते कळतं. नात समोर खेळत असली की ती हात मांडीखाली घेऊन बसते.

यंदा पंचमीला आई पाटावरच्या नागापुढं वाकली आणि माझ्याकडं वळली. "मला काय बी आठवत न्हाय गं. ती वायर मीच उपटलीती न्हवं?"

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

"व्हय," मी म्हटलं, "तूच की."

तिनं नागाला परत हात जोडले.