खुंटीवरचं सूप

निपाणीच्या स्टँडवर मला पोचवायला आई आली, ती काखेत सूप घेऊनच. मला पुण्याच्या गाडीत बसवायचं आणि तसंच पुढं कारखान्यात विड्या द्यायला जायचं, असा तिचा बेत. रडारड झाली नाही. आमच्या गल्लीत दिवसाच्या विड्या झाल्याशिवाय कुणाला रडायला वेळ नसतो. आप्पांनी तंबाखूच्या वखारीतून तासाभराची सुट्टी काढली होती, ते पिशवी वर टाकून लगेच गेले. गाडी हलायच्या आधी आई खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "जातीस तर जा. पर तुझं सूप मी कुणाला देणार न्हाय. खुंटीला ठेवते. न्हाय जमलं तर ये आन् बस."

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. गल्लीत राहिलेल्या बायकांना ती माहीत आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी जरा आधीपासून सांगते.

विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. त्यात भिजवून कापलेली पानं, जर्दा, दोरा, कात्री. आमच्या गल्लीत दुपारी आठ-दहा जणी आमच्याच सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत बसायच्या, कारण तिथं उजेड चांगला. नजर सुपात, हात चालू, कान मोकळे. त्या कानांसाठी एकीनं वाचायचं, अशी रीत होती. पेपर, मासिक, कुणाचं आलेलं पत्र, काहीही. वाचणारीच्या विड्या कमी पडू नयेत म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्यातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायची आणि म्हणायची, "तुझं आजचं झालं." शाळेत जाणारी मी एकटीच होते, म्हणून वाचणारी मीच झाले.

पण ही मूठ फुकट मिळत नव्हती. वाचलेलं कंटाळवाणं झालं की मल्लव्वा मावशी म्हणायची, "साकु. घे गं सूप." मल्लव्वा शेजारची. घरात कन्नड, सोप्यात मराठी, आणि वैतागली की दोन्ही. साकु म्हणजे पुरे. मग मी मुकाट पुस्तक बाजूला ठेवायची आणि पान कापायला घ्यायची. उलट गोष्टीत जीव असला, की वाचताना मी जरा थुंकी गिळायला थांबले तरी ती विचारायची, "मुंद? पुढं काय?" अग्रलेख पहिल्या वाक्याला पडायचा. भाऊबंदकीच्या खटल्याची बातमी तीन दिवस चालायची. पेपरातलं संपलं की पुढचं मी मनानं रचायची आणि कोर्टातली माणसं वेगवेगळ्या आवाजात बोलायची. नाटक लिहायला मी तिथंच शिकले, फक्त त्याला नाटक म्हणतात हे कळायला पुण्याला जावं लागलं.

पुण्यात एका छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी, तीन मुलींत एक खोली आणि संध्याकाळी एका हौशी संस्थेची रिहर्सल. आधी प्रॉम्प्टिंग केलं, मग लिहायला लागले. पहिल्या एकांकिकेला बक्षीस मिळालं. शहराबद्दल होती, माणसाच्या एकटेपणाबद्दल होती, वाक्यं लांब आणि घोटीव होती. मी ती वही घेऊन दिवाळीला घरी आले आणि सोप्यात बसून वाचली. दुसऱ्या पानावर कात्र्यांच्या आवाजात बोलणं सुरू झालं. कुणाची सून आली, कुणाच्या विड्या छाटात गेल्या, म्हणजे कारखान्यानं नापास केल्या. तिसऱ्या पानावर मल्लव्वा म्हणाली, "साकु गं बाई."

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं न बघता खुंटीवरचं सूप काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

त्या दुपारी मी विड्या वळल्या. बोटं आखडली होती. राग आला होता, तो परतीच्या गाडीपर्यंत टिकला. गाडीत मी स्वतःशी म्हटलं की यांना काय कळतंय. कोल्हापूर गेलं, कराड गेलं, आणि साताऱ्याच्या अलीकडं कबूल करावं लागलं की त्यांना कळलं होतं. माझ्या एकांकिकेत कुणाला काही हवंच नव्हतं. माणसं नुसती छान बोलत होती.

तेव्हापासून माझी कामाची पद्धत ठरली, ती आजही तीच आहे. कार्यशाळांत मुलं विचारतात, नाटक का लिहिता, कथा का नाही? मी सांगते, कथा वाचणारा कंटाळला तर पुस्तक मिटतो, मला कळत पण नाही. नाटकात मला तोंडावर कळतं. ज्यांना मान वर करायला सवड नाही, त्यांच्यासाठी मी लिहिते. म्हणून माझा प्रत्येक प्रवेश आधी कानांनी पास व्हावा लागतो. पहिलं वाचन मी कधी नाटकवाल्यांपुढं करत नाही. आमच्या सोसायटीखाली शिवणकाम करणाऱ्या चौघीजणी आहेत. त्यांच्या मशिनी चालू असताना वाचते. मशीन एकाएकी थांबलं तर मी फुशारत नाही. दचकवून हात थांबवणं सोपं असतं, एक किंकाळी पुरते. काम चालू आहे आणि बोलणं बंद आहे, हे मला हवं असतं. आणि पात्राला काय हवंय हे पहिल्या पानावर कळलं नाही, तर ते पान मी फाडते. सुंदर वाक्यासाठी ते राखत नाही. वाईट वाटतं, पण चहा घेतला की जातं.

नाटकं चालली. बक्षिसं आली, दौरे झाले, छापखाना सुटला, फ्लॅट झाला. दरवेळी घरी गेले की खुंटीवर सूप होतं. आई त्यावरची धूळ झटकायची आणि परत लावायची. आप्पा गेले, सोप्याला फरशी आली, सूप तिथंच. ते आधार म्हणून ठेवलंय की धमकी म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. पण विडी वळणाऱ्या बायकांवरचं नाटक लिहिलं आणि ते शहरात चांगलं चाललं, तेव्हा मला कळलं की पुण्यातल्या टाळ्यांनी माझं भागणार नाही. ते निपाणीतच लावायचं आणि त्या सोप्यातल्या बायकांपुढंच. त्या 'साकु' म्हणाल्या, तर सव्वीस वर्षं मी नुसती बाहेरगावी राहून आले, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीजवळचं मंगल कार्यालय घेतलं. प्रयोग दुपारी तीनला. बायका म्हणाल्या, "येतो की. पर काम कोण करणार?" मी म्हटलं, सुपं घेऊन या. कार्यालयाचा मॅनेजर कुरकुरला, "बाई, जर्दा सांडंल. उद्या लग्न हाय हितं." मी म्हटलं, झाडून देते. खुर्च्या मागं सारल्या, पुढं सतरंज्या घातल्या. तीसेक जणी आल्या आणि मांडीवर सुपं घेऊन बसल्या. मल्लव्वा आता ऐंशीच्या पुढं, तरी पहिल्या रांगेत. आई तिच्याशेजारी, दोन सुपं घेऊन. एक तिच्या मांडीवर. दुसरं रिकामं, बाजूला. ते कुठलं, हे मला विंगेतून दिसलं.

पडदा उघडला. शर्वरी, आमची नायिका, पुण्यात वाढलेली, तिनं स्टेजवर पान घेतलं आणि वळायला लागली. पान कडकन मोडलं.

"अगं, वाळकं हाय ते!" खालून आवाज.

"भिजीवलंच न्हाय की!"

"कुणी शिकीवलं हिला?"

मी शिकवलं होतं. पुण्यात साठ प्रयोग झाले, एकाही प्रेक्षकाला ते मोडलेलं पान ऐकू गेलं नव्हतं, आणि विडीच्या घरातली मी पान भिजवायचं विसरले होते. माझे कान तापले. मल्लव्वाचं तोंड उघडलेलं दिसलं आणि पुढचा शब्द मला ठाऊक होता.

पण शर्वरी हुशार. ती भूमिका न सोडता स्टेजच्या कडेला आली, उकिडवी बसली आणि म्हणाली, "न्हाय भिजीवलं. रागानं उठून आले सासूच्या घरातनं. तू दे की एक, मावशे."

मल्लव्वानं तिच्याकडं बघितलं. मग ओल्या फडक्यातलं पान काढलं, वर धरलं आणि म्हणाली, "घे. मुंद?"

त्यानंतर तास-दीड तास कात्र्या चालू होत्या आणि बोलणं बंद होतं. शर्वरी वळत होती ती मल्लव्वानं खालून एकेक करून दिलेल्या पानांवर. मी विंगेत उभी राहून फक्त कात्र्या ऐकत होते. टाळ्या मी पुष्कळ ऐकल्यात. कात्र्यांची सर नाही.

पडदा पडला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, सगळ्यांच्या मांडीवर सुपं होती. आई उठली. रिकामं सूप घेऊन ती रांगेतून फिरली, आणि प्रत्येकीनं त्यात मूठभर विड्या टाकल्या. मल्लव्वानं दोन मुठी टाकल्या. शर्वरीनंही स्टेजवरच्या तिच्या वेड्यावाकड्या विड्या टाकल्या. मग आई पायऱ्या चढून वर आली, सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझं आजचं झालं."

दुसऱ्या दिवशी त्या विड्या कारखान्यात गेल्या. काही छाटात निघाल्या. "त्या तुझ्या नटीच्या," आई म्हणाली.

बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही मला विचारता की आता घर कुठलं, पुणं की निपाणी. माझ्या नावाचं सूप जिथं खुंटीला आहे आणि वाईट लिहिलं तर जिथं ते माझ्यापुढं सरकवतील, ते घर. बाकी सगळे पत्ते.

निघायच्या दिवशी मी आईला म्हटलं, आता काढ ते खुंटीवरून, दे कुणाला तरी.

तिनं सूप झटकलं आणि होतं तिथं लावलं.

"का गं? पुढचं नाटक लिवणार न्हाईस व्हय?"