मधोमध मांडलेला ओटा

अजिंक्यचा फोन आला तेव्हा मी एका नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाच्या ओट्याचं माप घेत होते. "मावशी, आई गेली. झोपेतच." शैला, त्याची आई, माझी चाकणच्या कंपनीतली मैत्रीण. आदल्याच रविवारी, मी तिच्याकडे फिरकत नाही म्हणून, फोनवर भांडली होती. मी टेप भिंतीला तशीच धरून उभी राहिले, मग आकडा लिहून घेतला आणि निघाले. रडायला नंतरही वेळ मिळतो... ताथवड्याला, तिच्या घरी पोचायलाच त्या ट्रॅफिकमध्ये वेळ लागतो.

तरुणपणी आम्ही दोघी एकाच असेंब्ली लाइनवर उभ्या असायचो. पुढे मी तळवड्यात मॉड्युलर किचनचं वर्कशॉप टाकलं. तिनं निवृत्ती घेतली आणि एका संस्थेबरोबर मावळातल्या गावांत बिनधुराच्या चुली बांधत फिरू लागली. त्याच संस्थेनं तिला मलावीला पाठवलं. आफ्रिकेतला देश, मोठ्या तळ्याकाठचं खेडं, काही महिन्यांचं काम, पगार नाही. मी म्हटलं, "अगं, आधी गुडघे बघ तुझे." ती म्हणाली, "गुडघे बरोबरच नेतेय."

परत आली ती थोडी तिकडेच राहून आली. संध्याकाळी तिच्याकडे बसलं, की समोरच्या टॉवरांत एकेक दिवा लागायचा आणि ती हळू आवाजात सुरू व्हायची... तांबडी माती, तळ्यावरून सरकत येणारं धुकं, अंगणात तीन दगडांची चूल आणि भोवती पाच-सहा बायका. मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ लाकडी वल्ह्यानं घोटायचं, एक दमली की दुसरी वल्हं हातात घ्यायची, बोलणं मात्र थांबायचं नाही. शैलाला त्यातलं अक्षर कळायचं नाही आणि तरी, म्हणायची, झोप लागेस्तोवर कुणीतरी आपल्याशीच बोलतंय असं वाटायचं. मी त्या गावाला गेलेले नाही, जाणारही नाही. पण पहाटे अर्धवट जागी असते तेव्हा ते अंगण मला दिसतं, धुरासकट.

धुराचाच तर प्रश्न होता. पहिल्याच घरी तिनं, मावळात बांधायची तशी, भिंतीला लागून कंबरेएवढी उंच, धुराड्याची चूल बांधून दिली. वाकायला नको, खोकायला नको. बायकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. काही दिवसांनी जाऊन बघते तर चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, आणि स्वयंपाक बाहेर, तीन दगडांवर. शैलाला चांगलाच राग आला. गावातल्या शाळेच्या बाईंना इंग्रजी यायचं. त्यांच्यामार्फत तिनं घरच्या म्हातारीला विचारलं, चुलीत काय खोट आहे? म्हातारी म्हणाली, "चूल छान आहे. पण तिच्यापुढे उभं राहिलं की सगळ्यांकडे पाठ होते. असं एकटीनं कसं रांधायचं?"

पिल्लं बाहेर पडेपर्यंत शैलानं वाट पाहिली. मग ती चूल फोडली आणि छपराखाली बुटकी, गोल चूल बांधली; एका बाजूनं धुराडं, बाकी सगळीकडून बसायला जागा.

इकडे आल्यावर ती थेट माझ्या वर्कशॉपवर. "माझा ओटा भिंतीपासून काढ. खोलीच्या मधोमध घे. बुटका, भोवती स्टुलं." मी म्हटलं, गॅसचा पाइप फरशीखालून न्यावा लागेल, चिमणीचा छतावरून, उगाच खर्च. माझा मिस्त्री नांदेडकडचा. तो म्हणाला, "हाटेल टाकायलेत का काय, मावशी?" शैला हसली नाही. "मिस्टर होते तेव्हा शिफ्टवरून येऊन माझ्या मागे खुर्चीत बसायचे, दिवसभराचं सांगायचे. मी सगळं पाठीनं ऐकलं. आता त्यांना आठवायला गेलं की आवाज येतो, चेहरा येत नाही." दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मुकाट्यानं तिच्या टाइल्स फोडायला घेतल्या.

त्या ओट्यात एकच खोट निघाली. तिथं काहीही ठेवलं की उतू जायचं, कारण शेगडीकडे कुणाचं लक्षच नसायचं. कडेला एक तपकिरी डाग पडला, तो माझ्या कुठल्याच पावडरीनं निघाला नाही.

परवा अजिंक्यचा पुन्हा फोन आला. तो बंगळुरूला असतो, आईचा फ्लॅट भाड्यानं द्यायला आठवडाभर इकडे आलाय. "मावशी, एजंट म्हणतो, असलं किचन बघून लोक परत जातात. ओटा पुन्हा भिंतीला लावून देशील का?" मी हो म्हटलं. एजंटचं खरंच होतं. मधला ओटा जागा खातो. संध्याकाळी जाऊन भिंतीचं माप घेतलं. तो म्हणाला, "बस, चहा टाकतो." तो एका स्टुलावर, मी समोर. त्याला लहानपणापासून ओळखते, पण आमचं बोलणं कधी 'काय, कसं काय'च्या पुढे गेलं नव्हतं. पातेल्याकडे बघत तो म्हणाला, "इथं बसवून आई सगळं विचारायची. साहेबाचं, बायकोचं, पोटाचं. मी चिडायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता कुणी विचारत नाही." आणि मग तो सांगतच राहिला... समोरच्या टॉवरांत दिवे लागत गेले, आमच्या खोलीतला लावायला कुणीच उठलं नाही.

चहा उतू गेला, बरोबर त्या जुन्या डागावर. अजिंक्यनं गॅस बंद केला, पण फडकं आणायला उठला नाही. त्याचं बोलणं अर्धं राहिलं होतं. मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"एजंटला सांग, भाडेकरू दुसरा बघ म्हणावं," मी म्हटलं. "उरलाय तेवढा चहा ओत, आणि पुढे बोल."